शिडाच्या होडीतला फ्रिज

जुन्या शिडाच्या होडीच्या स्वयंपाकघरात, म्हणजे गॅलीत, ओट्याच्या पोटात अंगचीच बांधलेली एक बर्फपेटी असते. झाकण वरच्या बाजूला, आत फायबरग्लासचे गुळगुळीत अस्तर, अस्तरामागे फोमचा थर आणि तळाशी वितळलेले पाणी जाण्यासाठी एक भोक, एवढीच तिची रचना. १९६० ते १९८० च्या दशकांत अमेरिकेत आणि युरोपात फायबरग्लासच्या ज्या असंख्य लहान होड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या, त्यांपैकी पुष्कळ होड्यांत अन्न गार ठेवण्याची सोय तेवढीच होती. कॅलिफोर्नियातल्या कॅटलिना यॉट्स कंपनीची ‘कॅटलिना ३०’ ही सुमारे नऊ मीटर लांबीची होडी हे त्याचे ठळक उदाहरण. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत या एकाच नमुन्याच्या सहा हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. शनिवारी सकाळी बर्फाची लादी पेटीत सोडायची आणि रविवारी संध्याकाळी धक्क्यावर परतायचे, असा वापर गृहीत धरून या पेट्या बांधलेल्या असत. बर्फ दोन दिवस टिकला की पेटीचे काम झाले. आठवडाभर एखाद्या खाडीत नांगर टाकून राहायचे म्हटले की ती तोकडी पडते.

या पेटीला बॅटरीवर चालणारा लहान कंप्रेसर जोडून तिचाच फ्रिज करता येतो. त्यासाठी लागणारे सगळे भाग एकत्र असलेले संच बाजारात मिळतात आणि ड्रिल-पाना सराईतपणे वापरणारा माणूस ते स्वतः बसवू शकतो. मात्र संच बसवणे हा या कामातला सोपा भाग आहे. फ्रिज सुखाने चालेल की रात्रीतून बॅटरी उतरवेल, हे पेटीच्या भिंतींवर ठरते. आणि नेमके त्या भिंतींकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते, कारण त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

बर्फाचे गणित साधे आहे. शून्य अंश सेल्सिअसचा एक किलो बर्फ वितळून त्याच तापमानाचे पाणी होताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. विजेच्या भाषेत ही सुमारे ९३ वॅट-तास झाली. एसी विकणारा दुकानदार ‘दीड टनाचा’ म्हणतो, तो टनही याच हिशेबातला आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता ओढून घेतो, तो वेग म्हणजे एक टन, अर्थात साडेतीन किलोवॅट. होडीतल्या फ्रिजची ओढ याच्या पासंगालाही पुरत नाही, ती शंभर वॅटच्या आसपास असते. तरीही उष्णता बर्फाच्या किलोंत मोजण्याची सवय इथे कामाला येते. पेटीत रोज किती बर्फ संपतो हे मालकाला आधीच माहीत असते आणि कंप्रेसरला रोज काढाव्या लागणाऱ्या उष्णतेचा तोच सर्वांत भरवशाचा आकडा असतो.

यंत्राविना, नुसत्या आवरणाच्या जोरावर बर्फ किती दूर नेता येतो याचा दाखला शिडांच्याच जहाजाने दिलेला आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून गोठलेल्या तळ्यातला बर्फ कलकत्त्याला धाडला. निघताना तो सुमारे १८० टन होता. चार महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडून जहाज पोहोचले, तेव्हा शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघरे उभी राहिली. अर्थात मोठ्या ढिगाचा एक फायदा असतो. त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून उष्णता शिरायला वाटही कमी. होडीतल्या सव्वाशे लिटरच्या पेटीला हा फायदा मिळत नाही. तिला सगळी भिस्त भिंतीवर ठेवावी लागते.

ती भिंत किती जाड हवी, हे एका सरळ उदाहरणाने पाहता येते. आतून अर्धा मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच खोल, म्हणजे १२५ लिटरची पेटी घ्यावी. बाहेर ३० अंश, आत ४ अंश. भिंतीत चांगल्या प्रतीचा कोरडा फोम आहे असे धरले, तरी अडीच सेंटीमीटर जाडीतून दिवसभरात साधारण १,२४० वॅट-तास उष्णता आत झिरपते. ती झेलायला १३ किलो बर्फ लागेल. जाडी पाच सेंटीमीटर केली की आकडा ६८० वॅट-तासांवर येतो, म्हणजे सात किलो बर्फ. दहा सेंटीमीटरला सुमारे ४०० वॅट-तास, चार किलोंच्या थोडा वर. पुढे पंधरा सेंटीमीटरपर्यंत गेले तर ३२० च्या आसपास. पहिल्या काही सेंटीमीटरांनी होणारा फायदा प्रचंड आणि नंतरचा बेताचा, हे यातून स्पष्ट होते. म्हणून साध्या फ्रिजसाठी दहा सेंटीमीटर आणि बर्फ जमवणाऱ्या फ्रीझरसाठी पंधरा, असे जाणकार सांगतात. कारखान्यातून आलेल्या जुन्या पेट्यांत यातले निम्मेही क्वचित सापडते. होडीच्या बाहेरच्या कवचाला टेकलेल्या बाजूला तर फोम कधी कधी नावापुरताच असतो.

वरचे आकडे कोरड्या फोमचे आहेत. वीस-तीस वर्षांच्या होडीतला फोम कोरडा असेलच असे नाही. थंड अस्तराकडे बाहेरची दमट हवा सतत ओढ घेते, तिच्यातली वाफ फोममध्ये शिरून द्रवरूप होते आणि बंदिस्त हवेची जागा पाणी घेते. पाणी हवेच्या वीसपट-पंचवीसपट उष्णता वाहून नेते, तेव्हा भिजलेला फोम आवरण म्हणून जवळजवळ निकामी होतो. तपासणी सोपी आहे. अस्तराला न दिसेल अशा जागी लहान भोक पाडून फोमचा चुरा बाहेर काढावा आणि बोटांनी चाचपून पाहावा. तो ओला लागला, तर त्या पेटीला कंप्रेसर जोडण्याआधी भिंती उघडण्याला पर्याय नाही.

उघडण्याची वेळ आली, तर तीन वाटा असतात. ओट्याखाली, कपाटांमागे मोकळी जागा असेल तर पेटीच्या बाहेरून फोमचे तक्ते चिकटवावेत. आतली जागा शाबूत राहते. बाहेर जागा नसेल तर आतून तक्ते लावून वर नवे फायबरग्लासचे अस्तर चढवावे. यात आतला आकार घटतो, पण ते नुकसान मानण्याचे कारण नाही. जुन्या पेट्या लाद्या मावाव्यात म्हणून ऐसपैस केलेल्या होत्या. लादीच हद्दपार झाल्यावर दोन माणसांना ऐंशी लिटरची पेटी भरपूर होते आणि लहान पेटीला वीजही कमी लागते. तिसरी वाट म्हणजे जुनी पेटी मुळासकट काढून नवी बांधणे. ही सर्वांत खर्चिक आणि सर्वांत चांगली, आणि म्हणूनच बहुतेक जण ती पुढच्या वर्षावर ढकलतात.

साहित्य म्हणून दाबून बनवलेल्या पॉलिस्टायरीनचे तक्ते किंवा पॉलियुरेथेन, ज्याला आपल्याकडचे फ्रिजवाले ‘पफ’ म्हणतात, ते वापरावे. पॅकिंगमधला दाणेदार थर्माकोल टाळावा, त्यात पाणी मुरते. दोन रसायने मिसळून ओतायचा फोम अरुंद सांध्यांत छान पसरतो. पण एकाच वेळी जास्त ओतला तर फुगून अस्तराला पोक काढतो, म्हणून तो थोडा थोडा ओततात. तक्त्यांचे सांधे एकाआड एक यावेत आणि बाहेरच्या, म्हणजे उबदार बाजूला वाफ अडवणारा सलग पडदा असावा. हा पडदा नसेल तर आज घातलेला कोरडा फोम काही वर्षांनी पुन्हा ओला होतो. निर्वात पॅनेल हा आणखी एक प्रकार आहे. त्यांचे आवरण फोमच्या कित्येक पट परिणामकारक असते आणि जागा वाचते. मात्र ती मापाने बनवून घ्यावी लागतात, कापता येत नाहीत आणि एखादा स्क्रू चुकून आरपार गेला की पॅनेलचे मोल संपते.

झाकण आणि तळाचे भोक या दोन गोष्टी स्वस्तात सुधारतात आणि तरी राहून जातात. थंड हवा जड असल्याने वरून उघडणाऱ्या पेटीतून ती सहसा सांडत नाही. घरच्या उभ्या फ्रिजपेक्षा ही रचना मुळातच शहाणपणाची. पण तळाचे भोक उघडे असेल तर सगळा फायदा त्यातून वाहून जातो. थंड हवा भोकातून खाली उतरते, तिची जागा घ्यायला झाकणाच्या फटीतून गरम हवा आत येते आणि हा प्रवाह रात्रंदिवस चालू राहतो. शिवाय अनेक होड्यांत या भोकाची नळी थेट बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाशी घाण पाणी साचते त्या पोकळीत सोडलेली असते, त्यामुळे तिथला वासही पेटीत चढतो. आता वितळणारी लादी नसल्याने भोक बुचाने बंद करावे, किंवा नळीला वळण देऊन त्यात पाणी अडकून राहील असे करावे. झाकणात भिंतीइतकाच फोम असावा आणि कडेला रबरी पट्ट्या दोन असाव्यात. पट्टी नीट बसते का, हे कागद दाबून धरून ओढल्यावर कळते. कागद सहज निघाला तर हवाही निघते.

भिंतींचे काम झाले की यंत्राकडे वळता येते. माठातले पाणी बाहेर पाझरून उडून जाताना मागे राहिलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते, म्हणून ते गार होते. फ्रिजमध्येही द्रवाची वाफ होतानाच उष्णता शोषली जाते. फक्त उडालेली वाफ वाया जाऊ न देता पुन्हा द्रव केली जाते. आर-१३४ए हा वायू साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. पेटीतल्या पत्र्याच्या पोकळ नळ्यांत, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो आणि पेटीतली उष्णता ओढतो. कंप्रेसर ती वाफ खेचून दाबतो, दाबलेली गरम वाफ कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून द्रव होते आणि हा द्रव केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून दाब गमावत पुन्हा इव्हॅपोरेटरमध्ये येतो.

होडीत हे चक्र परवडू लागले ते बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या सीलबंद कंप्रेसरांमुळे. त्याआधी लांबच्या प्रवासाला निघणारे लोक इंजिनाच्या पट्ट्यावर मोटारीच्या एसीसारखा कंप्रेसर बसवीत आणि पेटीत मिठाच्या द्रावणाने भरलेली जाड प्लेट ठेवीत. रोज तास-दीड तास इंजिन चालवून ती प्लेट गोठवायची आणि पुढचा दिवस तिच्यावर काढायचा. ही पद्धत ताकदीची होती, पण शीड असलेल्या होडीने दूध गार ठेवायला रोज डिझेल जाळावे यात काहीतरी विसंगत होतेच. डेन्मार्कच्या डॅनफॉसने बनवलेल्या बीडी३५एफ आणि बीडी५०एफ या कंप्रेसरांनी चित्र पालटले. तो व्यवसाय २०१० पासून सेकॉप या नावाने चालतो. वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक संचांच्या पोटात हाच कंप्रेसर असतो, त्यामुळे नावापेक्षा सुटे भाग जवळ कुठे मिळतील हे पाहणे जास्त उपयोगाचे. ओझोनच्या थराला घातक असलेला आर-१२ वायू १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि आर-१३४ए आला. फार जुन्या होडीत आधीचे यंत्र बसवलेले असेल, तर त्यात आर-१२ असण्याची शक्यता असते. ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा वायू रीतसर काढून घेऊन नवा संच बसवणे बरे.

इव्हॅपोरेटर दोन तऱ्हेचे मिळतात. पातळ ॲल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा लगेच थंड होतो, त्याच्या कुशीत थोडा बर्फही जमतो आणि तो स्वस्त असतो. द्रावणाने भरलेली प्लेट थंडी साठवते. पण ती जड आणि महाग असते, आणि वीज ठरावीक वेळीच मुबलक मिळत असेल तरच तिचा उपयोग. सौर पॅनेल असलेल्या आजच्या होडीला पातळ पत्रा पुरतो. तो पेटीत शक्य तितका वर लावावा, म्हणजे त्याला स्पर्शून गार झालेली हवा आपोआप खाली उतरेल, आणि मागच्या भिंतीपासून थोडे अंतर सोडावे.

कंप्रेसर आणि कंडेन्सर पेटीबाहेर, कोरड्या आणि हवेशीर कप्प्यात बसतात. इंजिनाची खोली जवळ आणि रिकामी असते, म्हणून तिथे बसवण्याचा मोह होतो. तो आवरावा. कंडेन्सरभोवतीची हवा जितकी गरम, तितकी उष्णता बाहेर टाकणे अवघड आणि वीज जास्त. बंद कपाटही तितकेच वाईट. गार हवा खालून येईल आणि गरम वरून जाईल अशा दोन जाळ्या हव्यातच. होडी शिडाखाली एका कुशीवर कलते, तेव्हा यंत्र तीस अंशांच्या आतच झुकेल असे बसवावे. समुद्राच्या पाण्याने थंड होणारे संचही आहेत. काहींत छोटा पंप असतो, काहींत होडीच्या तळाला बाहेरून लावलेल्या काशाच्या तुकड्यातून वायू फिरतो आणि पंपाची गरज राहत नाही. भूमध्य समुद्रात किंवा न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर याचा फायदा मोठा. कोकण-गोव्याच्या पाण्याचे तापमान वर्षातला बराच काळ २८-३० अंशांच्या घरात असते आणि बुडालेल्या धातूवर शिंपल्यांची पुटे भराभर चढतात. अशा ठिकाणी हवेवर थंड होणारा साधा संच कमी कटकटीचा.

बाहेरचा कंप्रेसर आणि पेटीतला इव्हॅपोरेटर यांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत वायू आधीच भरलेला असतो आणि टोकांना आपोआप बंद होणारे जोड असतात. म्हणूनच हे काम गॅस भरणाऱ्या मेकॅनिकशिवाय होते. नळ्या लांब वाटल्या तरी कापायच्या नाहीत; उरलेली लांबी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून बांधायची. नळीला एकदा चुणी पडली की ती बदलण्याखेरीज उपाय नसतो. जोड घट्ट करताना दोन पाने वापरतात, एकाने मागचा भाग धरायचा आणि दुसऱ्याने पुढचा फिरवायचा, नाहीतर नळीच पिळली जाते. संपूर्ण यंत्रात वायू शंभर-दीडशे ग्रॅमच असतो, त्यामुळे अगदी थोडी गळतीही काही आठवड्यांत जाणवते. नळ्या भिंतीतून जातात ते भोक फोमने आणि सीलंटने बुजवावे.

बसवलेला फ्रिज चालत नाही अशी तक्रार येते, तेव्हा दोष पुष्कळदा तारेत सापडतो. बारा व्होल्टवर पाच अँपिअर हा प्रवाह दिसायला किरकोळ आहे. पण बॅटरीपासून यंत्र पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार दहा मीटर होते. ती दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर वाटेत अर्ध्या व्होल्टहून जास्त दाब गळतो. चार चौरस मिलिमीटरची घेतली तर जेमतेम पाव व्होल्टपर्यंत. कंप्रेसरच्या नियंत्रकाला बॅटरी वाचवण्यासाठी साधारण साडेदहा व्होल्टखाली यंत्र बंद करण्याची सूचना दिलेली असते. बारीक तारेमुळे त्याला बॅटरी उतरल्याचा भास होतो आणि तो सुरू होताच थांबतो. तार जाड, कथिलाचा मुलामा दिलेली आणि पंधरा अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीकडे नेलेली असावी. दिव्यांच्या जुन्या वायरिंगला जोडू नये. नियंत्रकावर एक लहान दिवा लावता येतो आणि तो किती वेळा लुकलुकतो यावरून बिघाड कळतो. हा दिवा स्वस्त आहे आणि अनेक संचांत तो वेगळा घ्यावा लागतो, घ्यावाच.

आता भिंतींचा हिशेब बॅटरीपर्यंत येतो. झाकण उघडझाप आणि रोज आत ठेवलेल्या गरम वस्तूंसाठी दीडशे वॅट-तास वेगळे धरले आणि कंप्रेसर खर्च केलेल्या विजेच्या १.४ पट उष्णता ओढतो असे मानले, तर दहा सेंटीमीटर भिंतीच्या पेटीला दिवसाला ३३ अँपिअर-तास लागतात आणि अडीच सेंटीमीटरच्या पेटीला ८३. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असा संकेत आहे. म्हणजे पहिल्या पेटीला शंभर अँपिअर-तासांची एक बॅटरी दीड दिवस पुरेल, दुसरीला एक दिवसही नाही. चांगल्या उन्हात शंभर वॅटचे सौर पॅनेल दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास देते. तेव्हा एका होडीच्या छपरावर सव्वा पॅनेल पुरते आणि दुसरीवर तीन लागतात. फोमवरचा खर्च इथे वसूल होतो. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीमुळे वापरता येणारी क्षमता वाढते, पण गळक्या पेटीची भूक तिच्याने कमी होत नाही.

इतर पर्याय फार काळ टिकत नाहीत. विजेच्या प्रवाहाने एक बाजू गार करणारे पेल्टिअर पद्धतीचे संच स्वस्त असतात, पण बाहेरच्या तापमानापेक्षा वीसएक अंश खाली जायला चोवीस तास वीज खातात. गॅसच्या ज्योतीवर चालणारे फ्रिज समतल जागेवर उभ्या गाडीत ठीक. कलणाऱ्या होडीत ते चालत नाहीत आणि बंदिस्त जागेत उघडी ज्योत धोक्याचीही असते. साधी लादी मात्र अजून टिकून आहे. ससून डॉकवरून निघणारे ट्रॉलर आजही फोडलेला बर्फ भरूनच समुद्रात जातात, कारण मासे पकडताक्षणी शून्य अंशावर आणण्याचे काम बर्फाइतके झटपट दुसरे काही करत नाही.

नवा फ्रिज पहिल्यांदा धक्क्यावरच, किनाऱ्याच्या विजेवर एक दिवस रिकामा चालवावा, म्हणजे अस्तर आणि फोममधली साठलेली उष्णता निघून जाते. नंतर भरायच्या वस्तू घरून गार करून आणाव्यात. दहा लिटर पाणी तीस अंशांवरून पाचवर आणायला २९० वॅट-तास उष्णता काढावी लागते. ही तीन किलो बर्फाची बरोबरी आहे आणि चांगल्या पेटीच्या दिवसभराच्या गळतीच्या जवळपास तीन चतुर्थांश. थर्मामीटर तळाशी नव्हे तर मधल्या उंचीवर ठेवून चार अंश राखावेत. भरलेली पेटी रिकामीपेक्षा स्थिर राहते, म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवतात. कंप्रेसरचा वेग मिनिटाला २,००० ते ३,५०० फेऱ्यांत बदलता येतो, आणि आवरण चांगले असेल तर सर्वांत कमी वेगावर बराच वेळ चालवणे वेगाने थोडा वेळ चालवण्यापेक्षा काटकसरीचे पडते. इव्हॅपोरेटरवर पाच-सहा मिलिमीटर हिमाचा थर साचला की तोच आवरणासारखा आड येतो. यंत्र बंद करून तो आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडताना पत्र्याला भोक पडले की आतला वायू निघून जातो आणि इव्हॅपोरेटर फेकून द्यावा लागतो. होडी महिनाभर बांधून ठेवायची असेल तेव्हा पेटी कोरडी पुसून, तळाचे बूच काढून आणि झाकण थोडे उघडे टाकून जावे, नाहीतर बंद ओल्या पेटीत बुरशी धरते. पावसाळ्यात मुंबई-गोव्याकडे तर ती आठवड्याच्या आत धरते.